रुळांची फुली

मेम्फिस शहरातल्या बील स्ट्रीटवर दिवेलागणीच्या सुमारास पाऊल टाकले, तेव्हा आपण शेगावच्या यात्रेतच शिरलो की काय, असा क्षणभर भास झाला. दुतर्फा निळ्यातांबड्या दिव्यांच्या पाट्या लखलखत होत्या, दारादारांतून गिटारीचा आणि ढोलाचा निरनिराळा कल्लोळ रस्त्यावर सांडत होता, आणि देवस्थानाजवळचा प्रत्येक पेढेवाला जसा आपलेच दुकान मूळचे म्हणून यात्रेकरूची बाही धरतो, तसा इथला प्रत्येक दारवान खरे ब्लूज ते आमच्याचकडे अशी ग्वाही देऊन गिऱ्हाइकाला आत ओढत होता. या गलबल्यापासून जरा बाजूला, एका लहानशा बागेत, हातात ट्रंपेट घेतलेल्या डब्ल्यू. सी. हँडी या गृहस्थांचा पुतळा उभा आहे. या हँडींनी १९१२ साली ‘मेम्फिस ब्लूज’ ही रचना छापून काढली, तिचे हक्क अवघ्या ५० डॉलरांना विकून बसले, आणि पुढे १९४१ साली आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याला ‘ब्लूजचा जनक’ असे नाव देऊन त्या नुकसानीची व्याजासकट वसुली करून घेतली. आपल्या जनकत्वाचा दाखला स्वतःच्याच सहीने देणारा मनुष्य एरवी माझ्या मनातून उतरला असता. परंतु याच गृहस्थाने त्याच ग्रंथात एक कबुलीजबाबही लिहून ठेवला आहे, आणि खरे सांगायचे तर त्या कबुलीजबाबाचा माग काढतच मी एवढे समुद्र ओलांडून आलो होतो.

मेम्फिसला नोकरीनिमित्त राहणारा माझा भाचा सारथ्याला तयार झाला होता, पण त्याला या मोहिमेचे प्रयोजन काही केल्या पटत नव्हते. “मामा, इथून खाली काही नाही हो, नुसती शेतं आहेत,” असे तो मला दोन दिवस बजावत होता. मला शेतेच पाहायची होती. सकाळी शहर सोडताना लॉरेन मोटेलच्या सज्ज्यासमोर, जिथे सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला आलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिल १९६८ रोजी गोळीला बळी पडले, तिथे आम्ही थोडा वेळ मुकाट्याने उभे राहिलो. आणि मग ६१ क्रमांकाच्या हमरस्त्याने दक्षिणेकडे निघालो.

डेल्टा म्हणजे नदीच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश, हे शाळेत घोकलेले भूगोलाचे ज्ञान येथे गुंडाळून ठेवावे लागते. हा डेल्टा समुद्रापासून शेकडो मैल आत, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेला आहे. मेम्फिसच्या बाजूची शेवटची टेकाडे उतरून गाडी खाली आली मात्र, तो जमीन अशी सपाट झाली की जणू कोणी ती रंध्याने तासून घेतली असावी. आणि त्या सपाटीवर, नजर थकेपर्यंत, फुटलेला कापूस. ऑक्टोबरचा आरंभ होता. औषध फवारून पाने आधीच गाळून टाकली असल्यामुळे पऱ्हाटीवर बोंडांवाचून काही उरले नव्हते, आणि दुमजली घराएवढी यंत्रे त्या पांढऱ्या पसाऱ्यातून सावकाश सरकत, मागे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली प्रचंड गोल गाठोडी टाकीत चालली होती. मैलच्या मैल गेले, पण शेतात उभा माणूस दिसला नाही. माझा जन्म वऱ्हाडातला, खामगावकडचा. वेचणीच्या पहिल्या दिवशी शीतादईची पूजा करून, ओटीला फडके बांधून, ओळीने शेतात शिरणाऱ्या बायांचे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही अशा वयात मी ते पाहिलेले. त्यामुळे हा निर्मनुष्य सुकाळ पाहून मला आनंद व्हायच्या ऐवजी एक प्रकारची हुरहुर लागली.

आमच्या काळ्या मातीचे आणि या गाळाचे नाते निव्वळ माझ्या कल्पनेतले नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, दक्षिणेचा कापूस बंदरांत अडकला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आपले भुकेले तोंड मुंबईकडे वळवले. तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या मोलाने गेला, मुंबईत रातोरात कंपन्या उभ्या राहिल्या, आणि युद्ध थांबताच त्याच वेगाने बुडाल्या. म्हणजे येथील गुलामांच्या बेड्या तुटण्याचा काळ तोच आमच्याकडे तेजीचा, आणि इकडे तह होताच आमच्याकडे दिवाळे. शाळेत आम्हाला ती तेजीमंदी शिकवली. हा कापूस कोण वेचीत होते, हे कोणी सांगितले नाही.

वाटेत एक गोष्ट लक्षात आली, ती नमूद करून ठेवतो. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला, मग तो गोरा असो की काळा, सुकाणूवरची एक तर्जनी वर उचलून आम्हाला अभिवादन करीत होता. न्यूयॉर्कात तीन आठवडे राहून माझ्याकडे कोणी मान वळवून पाहिले नव्हते. आमच्या गावाकडे वाटेवर भेटलेल्या अनोळखी माणसाला रामराम घातल्यावाचून पुढे जाणे उद्धटपणाचे समजतात, त्यातलाच हा प्रकार. तासाभराने माझा भाचाही बोट उचलू लागला, आणि विशेष म्हणजे आधी उचलू लागला.

क्लार्क्सडेलला मुक्काम केला तो एका गुजराती दांपत्याच्या मोटेलात. डेल्टातली पुष्कळशी मोटेले आता सुरतेकडच्या पटेल मंडळींच्या हाती आहेत. मी मराठी असल्याचे कळताच मालकीणबाईंनी आल्याचा चहा आणून ठेवला आणि “भाई, अहीं शुं जोवानुं?” असा माझ्या भाच्याचाच प्रश्न मला विचारला. जोवानुं म्हणजे, सरकारी हिशेबाने, गावातला तो चौरस्ता. ६१ आणि ४९ हे दोन हमरस्ते जिथे मिळतात, तिथे एका खांबावर निळ्या गिटारींची कमान उभारली आहे आणि रॉबर्ट जॉन्सन नावाच्या गायकाने मध्यरात्री येथेच सैतानाला आत्मा विकून त्या बदल्यात गिटारविद्या मिळवली, असे प्रवाशांना सांगण्यात येते. त्या खांबाखाली उभे राहून लोक छायाचित्रे काढीत होते; सैतानाच्या वाट्याला आलेला मोबदला, तो आत्मा, पुढे कुठे जमा झाला याची चौकशी मात्र कोणी करताना दिसले नाही.

त्यापेक्षा जुन्या मालधक्क्याच्या इमारतीतले संग्रहालय मला फार मोलाचे वाटले. तिथे स्टोव्हॉल येथील मळ्यावरची एक लाकडी खोपी जशीच्या तशी आणून ठेवली आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे दोन अभ्यासक ध्वनिमुद्रणाचे अवजड यंत्र घेऊन या मळ्यावर आले. मडी वॉटर्स हे टोपणनाव धारण करणारा, याच खोपीत राहणारा आणि ट्रॅक्टर हाकणारा एक तरुण त्यांच्यापुढे आणण्यात आला. तो चोरून दारू विकीत असे. गोरा साहेब आपल्याला शोधत आला आहे, म्हणजे हा नक्की अबकारी खात्याचा अंमलदार, अशी त्याची समजूत झाली होती. मग त्या यंत्रातून स्वतःचा आवाज त्याने प्रथमच ऐकला. दोनच वर्षांनी, १९४३ साली, मजुरीवरून मुकादमाशी खटका उडताच त्याने शिकागोची आगगाडी धरली. तेथील कोलाहलात साध्या गिटारीचा आवाज बुडतो म्हणून विजेवरची गिटार हाती घेतली. आणि डेल्टाच्या शेतातले हे गाणे शहराचे झाले. पुढच्याच वर्षी, १९४४ साली, क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर पेरणीपासून गाठ बांधण्यापर्यंतचे कापसाचे संपूर्ण पीक यंत्रांनी काढून दाखवण्यात आले. वाटेत माणूस का दिसला नाही, त्याचा उलगडा त्या मळ्यावर होतो. यंत्र आत आले, माणसे बाहेर गेली, आणि जाताना बरोबर नेण्यासारखे हे गाणे एवढेच काय ते त्यांच्यापाशी होते.

नदीकाठी रिव्हरसाइड हॉटेल आहे. ती इमारत पूर्वी कृष्णवर्णीयांचे इस्पितळ होती, आणि ६१ क्रमांकाच्या रस्त्यावर अपघात झालेली बेसी स्मिथ ही थोर गायिका २६ सप्टेंबर १९३७ रोजी तिथे वारली. गोऱ्यांच्या इस्पितळाने तिला दारातून परत पाठवले म्हणून ती गेली, अशी आख्यायिका जगभर पसरली. ती खरी नाही, तिला थेट येथेच आणले होते. पण खोटी गोष्टसुद्धा लोकांना इतकी सहज खरी का वाटावी, यातच त्या काळाची साक्ष आहे. तिच्या थडग्यावर पेन्सिल्व्हेनियात १९७० पर्यंत साधा दगडदेखील नव्हता.

त्या रात्री एका ठेंगण्या, अंधाऱ्या गुत्त्यात गाणे ऐकले. पत्र्याचे छप्पर, लोंबकळते लाल दिवे, वीसपंचवीस माणसे. गायक सत्तरीपलीकडचा होता. एक चरण म्हणायचा, तोच पुन्हा म्हणायचा, आणि तिसऱ्याने त्याचे उत्तर देऊन मोकळे व्हायचे, हा ब्लूजचा सांगाडा मी पुस्तकांतून जाणत होतो. परंतु पहिला चरण दुसऱ्यांदा येतो तेव्हा तो तोच राहत नाही, हे पुस्तकाने सांगितले नव्हते. पहिल्यांदा ती तक्रार असते, दुसऱ्यांदा तिची खातरजमा. आमच्या जात्यावरच्या बाया पहिली ओळ घोळवून घोळवून म्हणतात, तेवढ्यात पुढची सुचते. इथेही त्या पुनरुक्तीच्या आड मनुष्य विचार करीत असावा. आणि तो गांधार! कोमल म्हणावा तर चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत राहणारा तो स्वर पाश्चात्त्य संगीतज्ञांना मोठे कोडे वाटतो, पण श्रुतींवर वाढलेल्या आमच्या कानाला त्याची ओळख लगेच पटते. श्रोतेही मैफलीतल्यासारखेच. माझ्या शेजारची वृद्धा प्रत्येक चरणाला ‘खरंय’ अशा अर्थाचा हुंकार देत होती, मी भीत भीत “क्या बात है” म्हणालो, तेव्हा तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारून “सांग त्याला, बाळा!” असे फर्मावले. साठी उलटल्यानंतर मला बाळा म्हणणारे आता घरी कोणी उरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी टटवायलरला पोचलो, तेव्हा दुपार कलंडली होती. हेच माझे गंतव्यस्थान. पाहण्याजोगे म्हणाल तर काहीच नाही: चार बंद दुकाने, रेल्वेच्या जुन्या फलाटाचा चौथरा, आणि एका भिंतीवर रंगवलेली चित्रे. स्टेशनाची इमारतही आता नाही. १९०३ च्या सुमारास, वाद्यवृंदाचे चालक असलेले हँडी येथे एका रात्री कित्येक तास उशीर झालेल्या गाडीची वाट पाहत पेंगत होते. शेजारी फाटक्या कपड्यांतला, बुटांतून पायांची बोटे डोकावणारा एक कृष्णवर्णी मनुष्य येऊन बसला आणि सुरीचे पाते गिटारीच्या तारांवर घासून वाजवू लागला. विचित्रवीणेवर, जिला जुने लोक बट्टाबीन म्हणत, काचेचा गोळा फिरवून जशी सलग मींड काढतात, तशी ती मींड असली पाहिजे. तो गात होता ते एवढेच, की जिथे सदर्न आणि ‘डॉग’ हे दोन लोहमार्ग एकमेकांना छेदतात तिकडे आपण चाललो आहोत. इतके विलक्षण संगीत आपण आयुष्यात ऐकले नव्हते, असे हँडींनी कबूल केले आहे. सुशिक्षित, स्वरलेखन जाणणारा, धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेला हा बँडमास्तर त्या रात्री ब्लूजचा जनक न होता ब्लूजचा पहिला जागा झालेला श्रोता झाला. त्याचे साल अंदाजाने सापडते, स्थळ सापडते, गाण्याचा विषयसुद्धा सापडतो. गाणाऱ्याचे नाव मात्र हँडींनी विचारले नाही.

त्या चौथऱ्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. ब्लूजच्या इतिहासातले जेवढे म्हणून ठळक क्षण आपण मोजतो, ते सारे कोणीतरी ऐकले त्या घटकेचे आहेत. गायिले गेले त्या घटकेचे नाहीत. १० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कात मेमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले, ती तबकडी हातोहात खपली, आणि काळी माणसेही पैसे मोजून गाणे विकत घेतात, असा शोध कंपन्यांना लागला. तो दिवस इतिहासात आहे. त्याआधी कित्येक वर्षे हजारो तोंडांतून हे गाणे उमटत होते, ते दिवस कोणाच्याच दप्तरी जमा नाहीत.

भूक लागली होती. रस्त्याच्या कडेच्या टपरीत मिळाले ‘हॉट टमाली’: मसालेदार खिम्याचे सारण मक्याच्या पिठात भरायचे, मक्याच्याच पानात गुंडाळायचे, आणि सुतळीने तीनतीनाची जुडी बांधून तिखट रश्श्यात शिजवायचे. पान उलगडताना श्रावणातल्या पातोळ्यांची आठवण झाली, पहिल्या घासाबरोबर ती नाहीशीही झाली, कारण तिखटाने नाकाडोळ्यांतून पाणी आले. मेक्सिकोचा हा पदार्थ बहुधा तिकडच्या मजुरांबरोबर कापसाच्या शेतांत आला आणि काळ्या माणसांनी तो आपलासा केला. सोबत मक्याचे पीठ लावून तळलेली भेंडी होती. भेंडी आफ्रिकेतून गुलामांबरोबर या देशात आली, असे सांगतात. त्या वाढणाऱ्या बाईला मी आमच्याकडेही ही रोजच्या जेवणात असते असे म्हणालो, तर तिने विश्वास बसत नसल्यासारखे पाहून ताटात आणखी एक पळी वाढली. हिशेबात ती धरली नाही.

हिशेबाची गोष्ट निघालीच आहे, तर डॉकरीचा मळा. विल डॉकरी यांनी १८९५ साली दलदल आणि जंगल तोडून तो वसवला. सरकी साठवण्याची लाकडी वखार, जिन, तराजू हे सारे जागच्या जागी उभे आहे. मळ्याचे स्वतःचे दुकान होते, स्वतःचे चलन होते. कूळ बटईने जमीन करी. बी, बैल-खेचर, पीठ, मीठ सर्व काही मालकाच्या दुकानातून उचल म्हणून घेई. वर्षअखेर हिशेबाला उभे राही, आणि वही मालकाच्या हाती असल्यामुळे अनेक मळ्यांवर बाकी कुळाच्याच नावावर निघे. पुष्कळांना सही करता येत नसे. कागदावर फुली मारीत. आमच्याकडच्या सावकारी दस्तऐवजांवरचे डाव्या अंगठ्याचे ठसे आणि नांगराच्या निशाण्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ही व्यवस्था समजावून देण्याची गरज नाही. डॉकरींची गणना तर त्यातल्या त्यात नेकीच्या मालकांत होते.

या मळ्यावर चार्ली पॅटन राहत असे. अंगाने किरकोळ, आवाजाने गडगडणारा. गिटार डोक्यामागे धरून वाजवी, गुडघ्यांत धरून वाजवी. हाऊलिन वुल्फ येथेच त्याच्याजवळ शिकला. १९२९ साली पॅटनच्या पहिल्या तबकड्या निघाल्या त्या पॅरामाऊंट कंपनीकडून, आणि ही कंपनी होती विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्यांच्या एका कारखानदाराची. ग्रामोफोनच्या लाकडी पेट्या खपाव्यात म्हणून त्यांनी तबकड्यांचा जोडधंदा काढला होता. १९२७ सालच्या एप्रिलात मिसिसिपीचा बांध फुटून सारा डेल्टा बुडाला, ग्रीनव्हिलच्या बांधावर हजारो काळी माणसे महिनोन्‌महिने अडकवून ठेवून त्यांच्याकडून सक्तीने काम करून घेतले. त्या जलप्रलयाची पॅटनने गायिलेली हकिगत आज सरकारी अहवालांपेक्षा अधिक लोकांना ठाऊक आहे. खुर्चीवाल्याच्या हिशेबात मात्र ती पेटीबरोबरची वस्तू होती.

माझ्या आजोबांची रोजकीर्द आमच्या घरी अजून आहे. मोडी अक्षर मोत्यासारखे. कार्तिकातल्या पानांवर ‘वेचणीच्या बाया १४’ अशा नोंदी आहेत, नावे नाहीत. त्या बायांबरोबर शेतात जाऊन दिवसभर वेचणारी, आणि वेचताना त्या सगळ्यांना ओवी सांगणारी माझी आजी त्या चौदांतही नाही. घरच्या माणसाला मजुरी द्यावी लागत नसल्यामुळे तिला मोजण्याचे कारण पडले नाही. डॉकरीच्या तराजूजवळ उभे असताना मला हे सुचले, आणि वहीवाल्यांच्या ज्या जातीविषयी इतका वेळ मनात तुच्छता बाळगली होती, तिच्यात माझेही आडनाव आहे, हे ध्यानात येऊन मी जरा ओशाळलो.

ग्रीनवुडच्या आसपास रॉबर्ट जॉन्सनच्या नावाचे तीन दगड तीन निरनिराळ्या दफनभूमींत आहेत. १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांत टेक्ससमधल्या मोजून पाच दिवसांत त्याने २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १६ ऑगस्ट १९३८ रोजी, सत्ताविसाव्या वर्षी, तो येथे मेला. सैतानाच्या कथेमागची हकिगत साधी आहे: घरी कटकट नको म्हणून तो एका वडीलधाऱ्या गिटारवादकाबरोबर रात्री दफनभूमीत बसून रियाज करी. लिट्ल झायन चर्चमागच्या झाडाखालचा दगड बहुधा खरा असावा. भक्तांनी त्यावर नाणी, गिटारीच्या नख्या आणि दारूच्या रिकाम्या बाटल्या वाहिल्या होत्या. तेथून थोड्याच मैलांवर मनी नावाच्या वस्तीत त्या किराणा दुकानाचे अवशेष वेलींनी झाकून गेले आहेत, जिथून १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाच्या हत्येचे प्रकरण सुरू झाले. तिथे कोणी काही वाहिलेले दिसले नाही. भाचा त्या दिवशी परतीच्या वाटेवर, शेते आहेत म्हणून, एकदाही कुरकुरला नाही.

शेवटी सूर्य मावळता मावळता मूरहेडला आलो. टटवायलरच्या त्या अनामिकाने ज्याचे नाव घेतले होते ते हेच ठिकाण: दोन लोहमार्ग काटकोनात एकमेकांना छेदतात, जमिनीवर मारलेली एक लोखंडी फुली. बाकावर एक वृद्ध गृहस्थ, डोक्यावर हॅट, हातात काठी, असे एकटेच बसले होते. मी बोट उचलले, त्यांनी हॅट उचलली.

“कुठून आलात?”

मी सांगितले.

“तिकडे कापूस होतो?”

“होतो. आमच्याच भागात होतो.”

“यंत्राने?”

“हाताने. अजूनही.”

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. बोटांची टोके जाड, वाकलेली. “मी सहा वर्षांचा होतो, तेव्हा लागलो,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “तुमच्या घरात कोणी वेचलाय?”

“आजीने. ती गायचीही. बाकीच्या तिच्यामागून म्हणायच्या.”

“नाव काय तिचं?”

मी आजीचे नाव सांगितले. त्यांनी ते एकदा हळूच म्हणून पाहिले, नीट जमले नाही, पुन्हा म्हटले. दुसऱ्या वेळी मधला स्वर जरा लांबला, किंचित खाली घसरला, आणि काठी रुळाच्या कडेवर एकदा वाजली.